बोकडाचे फोटो कोणी उडवले?

कुयो,
९ फेब्रुवारी

प्रिय इंदाय ओसांग,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. टॅबलेट भरलाय. उघडला की एकच पाटी दाखवतो, जागा संपली म्हणून. तुझे निरोप आत येत नाहीत, माझे बाहेर जात नाहीत. फोनवर बोलावं तर तू भर बाजारात असल्यासारखी ओरडतेस आणि माझ्या उजव्या कानाला त्यातलं अर्धंच कळतं. त्यापेक्षा कागद बरा. बोटीवरचा कुक ओळखीचा आहे, तो आणून देईल.

नाताळात आपल्या दिंदोने तुझ्याच टेबलावर दोन्ही टॅबलेट मांडले आणि म्हणाला, "दोघींना अगदी एकसारखं करून दिलंय, आंटी, भांडू नका." मग भाचा गेला जहाजावर निघून. फोटो काढायला शिकवलं, काढून टाकायला नाही शिकवलं. ते तू सांग. सावकाश सांग. तू शाळेतही उत्तर आधी सांगायचीस आणि प्रश्न नंतर ऐकायचीस.

आणखी एक विचित्र गोष्ट. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी फादरच्या अंगणात बसते, तिथे वायफाय मिळतं. तेव्हा माझ्या टॅबलेटमध्ये नवेच फोटो येऊन पडतात. पातेली, डाव, लाकडी बाकं. मी कधी पातेल्याचा फोटो काढते का? जाहिराती असणार.

तुझ्या दुकानापुढे अजून रांग लागते ना? इथली मुलं इलोइलोला गेली की पहिली तुझं बाचोय सूप प्यायला येतात म्हणे.

तुझी
थोरली बहीण, मनांग फेमिया


इलोइलो,
१७ फेब्रुवारी

मनांग,

कागद, पाकीट, तेही सुवाच्य अक्षरात! कुकने आणून दिलं तेव्हा शेजारची मासेवाली विचारत होती, कोर्टाची नोटीस आली का.

नीट वाच. फोटोवर बोट दाबून धर. टिचकी मारू नकोस, दाबून धर, बसमधला दांडा धरतो तसं. बरोबरची खूण आली की बाकीच्या नको असलेल्या फोटोंवरही बोट लाव आणि खालच्या डब्यावर दाब. गेले. पण ते खरे जात नाहीत, कचऱ्यात पडून राहतात आणि जागा अडवतात. तो कचराही रिकामा करायचा. हळवी होऊ नकोस. तू तर अशी बाई आहेस की जुन्या खडूंचे तुकडे डब्यात भरून ठेवलेत.

माझाही भरला होता. आणि जाहिरातींचं काय घेऊन बसलीस! माझ्यात एक म्हातारा शिरला होता. बोकड धरलेला म्हातारा. समोरून म्हातारा, बाजूने म्हातारा, बोकड हसतोय, म्हातारा हसतोय. कसली जाहिरात ती कळेना. बोकड विकायचाय की म्हातारा? सगळे उडवले, कचराही फेकला. केवढी जागा झाली म्हणून सांगू!

पातेल्यांच्या जाहिराती सगळ्यांनाच येतात. तूही उडव, बघत बसू नकोस.

दुकान जोरात आहे. बसायला फुरसत नाही, म्हणून इतकंच.

ओसांग


कुयो,
१ मार्च

प्रिय इंदाय,

तू सांगितल्याप्रमाणे केलं. दाबून धरलं, डबा दाबला, पातेली गेली. पण त्याआधीच, मी कशालाही हात लावायच्या आधी, माझे बोकडाचे फोटो गायब झाले होते. सगळे. मी फादरनाही विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना करा.

बोकड माझा नाही. गल्लीतल्या एकाचा आहे. उभा छान राहतो म्हणून काढत होते. तेव्हा उगाच काही अर्थ काढू नकोस.

तुझ्याकडे जो म्हातारा आला होता, त्याने टोपी घातली होती का? निळी, कडा उसवलेली? आणि तू म्हणतेस तो हसत होता, तर दात दिसत होते की ओठ मिटून? सहज विचारतेय.

आता माझा प्रश्न. तू म्हणालीस बघत बसू नकोस, पण मी शिक्षिका होते, न बघता मी काहीच खोडत नाही. त्या पातेल्यांतल्या एकाचा कान तुटलेला होता आणि तिथे जाड तारेचा वेढा मारला होता. तसा वेढा जगात एकाच माणसाने मारला, आपल्या बाबांनी, आणि त्यावरून नानाय आयुष्यभर नवऱ्याला बोलत राहिली. नानायचं पातेलं कुठे आहे, ओसांग? पूर्ण वाक्यात उत्तर दे.

मनांग


इलोइलो,
९ मार्च

मनांग,

नानायचं पातेलं माझ्याकडे आहे. घे, पूर्ण वाक्य.

आता तुझं बघू. बोकड हरवला म्हणून रडतेस आणि चौकशी टोपीची करतेस? बोकडाला शिंगं होती का, दाढी होती का, हे नाही विचारलंस. म्हाताऱ्याचे दात विचारलेस! मनांग, मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सूप वाढलंय. कोण बशीकडे बघतं आणि कोण वाढणारीकडे, हे मला मान वर न करता कळतं.

दात दिसत होते. पुढचे दोन नव्हते. टोपी निळी.

मला एक शंका येतेय. दिंदोने आपल्याला "एकसारखं" करून दिलं म्हणजे त्या गाढवाने दोघींना एकाच कपाटाची किल्ली दिली नाही ना? तू ठेवलेलं मला दिसतं, मी फेकलेलं तुझ्याकडून जातं. आपण परीक्षा घेऊ. येत्या रविवारी सकाळी मी माझ्या जिभेचा फोटो काढते. असली जाहिरात जगात कोणी करणार नाही. तू मिस्सा झाल्यावर बघ. आणि तूही काहीतरी काढ. बोकड सोडून!

ओसांग


कुयो,
१७ मार्च

ओसांग,

जीभ आली. फादरच्या अंगणात, कुमारिका मरियेच्या पुतळ्यापुढे, पडदाभर तुझी जीभ. कॉयरमधल्या दोघी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. जीभ पिवळी आहे, पोट साफ होत नसणार, पपई खा.

जिभेमागे तुझं दुकान आहे. शटर खाली ओढलेलं आहे. त्यापुढे बाकं उलटी रचली आहेत आणि काढलेल्या पाटीची चौकोनी जागा भिंतीवर पांढरी दिसते. रविवारी सकाळी, ओसांग. रविवारी सकाळी तर तुझ्याकडे लोक उभ्याने खायचे.

म्हणजे ती पातेली जाहिरातीतली नव्हती, आणि बाकंही नव्हती.

कधी बंद केलंस? मला का नाही सांगितलंस?

मी माझ्या पायांचा फोटो काढलाय. नवे सँडल आहेत. एवढंच बघ.

मनांग


इलोइलो,
२५ मार्च

मनांग,

जानेवारीतच बंद केलं. तीन राजांचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी उघडलंच नाही. कोणी बंद करायला लावलं नाही. बाजार पाडून नवा बांधताहेत, बाकीच्या बायकांनी नव्या गाळ्यासाठी नावं दिली, मी रांगेत उभी राहिले आणि अर्ध्यात बाहेर पडले. गुडघे. पहाटे हाडं उकळायला टाकायची तर खाली बसावं लागतं, आणि बसलं की उठायला मासेवालीला हाक मारावी लागते. ती रोज यायची, एक शब्द बोलायची नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

तुला काय सांगणार होते? मी कुयोहून निघाले तेव्हा धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाले होते ना, आता मी परत येईन ते स्वतःच्या हॉटेलची मालकीण होऊन. हॉटेल राहिलं, गाळाही गेला. रिकाम्या हातांनी तुझ्या तोंडासमोर येण्यापेक्षा "जोरात आहे" लिहिणं सोपं होतं.

सामान विकायला फोटो काढले होते. त्यातले अर्धे तू उडवलेस. त्या दिवशी एक गिऱ्हाईक फोन करून विचारत होतं, बाई, बाकांचे फोटो कुठे गेले? तरी विकलं सगळं. एक नानायचं पातेलं तेवढं उरलंय. फार मोठं, फार जड, कान तुटका. फुकट देते म्हटलं तरी कोणी हात लावेना. आता त्यात मी कपडे भिजवते. झालं? हसलीस?

आता माझी पाळी. नवे सँडल बघितले. छान आहेत. पण मनांग, त्या फोटोत पाय चार आहेत. दोन सँडलमधले, दोन रबरी चपलांमधले, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. बोकडाचे म्हणावे तर त्याला चपला लागत नाहीत.

तो कोण आहे ते सांग. आणि त्याचे फोटो मी कचऱ्यातूनही फेकले, ते आता परत येणार नाहीत, मी फोनच्या दुकानात विचारून आले. हे लिहिताना मला हसू येत नाहीये.

ओसांग


कुयो,
२ एप्रिल

प्रिय इंदाय,

हसले नाही. कपडे भिजवतेस हे वाचून जरा हसले.

त्यांचं नाव तेरोय. मी मानोंग तेरोय म्हणते, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. बोकड घेऊन रोज माझ्या कुंपणावरून टेकडीवर जातात, येताना कॉफी पितात, माझ्या काजूच्या झाडांत काय चुकतंय ते सांगतात आणि जातात. इतकंच. हात धरणं वगैरे तुझ्या डोक्यात येईल, ते काढून टाक.

जानेवारीत ते म्हणाले, मुलीकडे कॅनडाला चाललोय, मे महिन्यात. मी म्हटलं, वा, छान. दुसऱ्या दिवशी टॅबलेट घेऊन फाटकात उभी राहिले. आपल्या वयात माणूस गेलं की आधी चेहराच पुसट होतो, ओसांग. बाबांचा चेहरा मला आता फक्त फोटोतलाच आठवतो, खरा आठवत नाही. "तुमचा फोटो काढू का" असं कसं म्हणणार? म्हणून म्हटलं, "बोकड काय देखणा आहे हो तुमचा, जरा धरून उभे राहता?"

त्यांना ते खरं वाटलं. तेव्हापासून ते रोज निघण्याआधी बोकडाला आंघोळ घालतात. साबण लावून. एकदा तर त्याच्या गळ्यात लाल फीत बांधून आणली.

फोटो गेले ते जाऊ देत. तू मुद्दाम नाही केलंस.

पातेल्यावर अर्धा हक्क माझा आहे. माझा अर्धा भाग विकायचा नाही, फुकट द्यायचा नाही, आणि त्यात कपडे भिजवायचे नाहीत.

मनांग


इलोइलो,
१० एप्रिल

मनांग,

बोकडाला साबण! मी हे मासेवालीला वाचून दाखवलं, ती हसून हसून ओट्यावर बसली. मग म्हणाली, माझ्या नवऱ्याने कधी माझ्यासाठी स्वतःला साबण लावला नाही.

आयुष्यभर तू पोरांना छळलंस, पूर्ण वाक्यात बोला म्हणून. आता तू एक पूर्ण वाक्य बोल. "मानोंग तेरोय, जाऊ नका." झालं. कर्ता आहे, क्रियापद आहे. नाही म्हणाला तर कॅनडाला जाईल, आणि जाणार तर आहेच! तुझं काय बिघडणार?

आणि तो कायमचा जातोय हे तुला कोणी सांगितलं? तू विचारलंस? की "कॅनडा" ऐकलं आणि पुढचं उजव्या कानाने ऐकलं?

बोललीस की लगेच लिही. नाही बोललीस तर मी तुझे सँडल उडवेन.

ओसांग


कुयो,
२८ एप्रिल

प्रिय इंदाय,

आधी बोट बिघडली होती, मग वारा होता. पण खरं कारण ते नाही. धीर व्हायला वेळ लागला.

गेल्या मंगळवारी ते आले. बोकड ओलाच होता. मी कॉफी ठेवली आणि उभी राहिले. बसून हे बोलता आलं नसतं.

म्हटलं, "मानोंग तेरोय, तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं."

बोकड माझी जास्वंद खात होता, त्यांनी त्याला ओढलं. मग म्हणाले, "तिकीट काढलंय मुलीने."

"काढलं असेल. मी फक्त मला काय वाटतं ते सांगितलं."

"परतीचंही काढलंय," ते म्हणाले. "सप्टेंबरचं. मी सांगितलं होतं ना त्याच दिवशी?"

"मला नाही सांगितलंत."

"सांगितलं होतं. इथेच, या बाजूला बसून." आणि माझ्या उजव्या कानाकडे बोट केलं.

ओसांग, तू जे काही म्हणशील ते मी स्वतःला आधीच म्हणून घेतलंय.

मग ते म्हणाले, "मी परत येणार नाही असं वाटत होतं, तर मग इतके दिवस बोकडाचे फोटो कशाला काढत होतात?" आणि लगेच त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांचे कान लाल झाले. या वयात माणसाचे कान लाल होतात हे मला माहीत नव्हतं. टोपी काढून ते म्हणाले, "मी म्हटलं, बोकड आवडतोय तर मी नसताना तुम्हीच सांभाळाल. म्हणून त्याला धूत होतो. स्वच्छ दिसला तर नाही म्हणणार नाही, असं वाटलं."

मग म्हणाले, तिकडे न्यायला तुमचाही एक फोटो हवा. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. त्यांनी माझा टॅबलेट धरला, दाबला, तर पुन्हा तीच पाटी, जागा संपली. तेव्हा तिथेच, फाटकात उभं राहून, मी बोट दाबून धरलं आणि नंतर काढलेल्यांपैकी बोकडाचे एकट्याचे सगळे उडवले. कचऱ्यासकट. बोकड बघत होता. मग फोटो निघाला. त्यात माझं तोंड उघडं आहे आणि केस उडालेत. रविवारी तुझ्याकडे आलाच असेल. त्याला हात लावू नकोस. तोच कागदावर छापून ते नेणार आहेत.

सतरा मे ला, रविवारी, त्यांना निरोपाचं जेवण माझ्याकडे आहे. अर्धी गल्ली येतेय. माझ्याकडे एवढ्या लोकांचं शिजेल असं भांडं नाही. तुझ्याकडे आहे. पातेलं एकटं बोटीत बसून येणार नाही, कोणीतरी बरोबर यायला हवं.

बोकड शिजवायचा नाहीये, आधीच सांगते.

मनांग


इलोइलो,
७ मे

मनांग,

फोटो आला. तू त्यात अगदी नानायसारखी दिसतेस, रागावायच्या आधी नानाय हसायची तशी. मी तो मासेवालीला, औषधवाल्याला आणि जीपच्या ड्रायव्हरला दाखवलाय. फोनच्या दुकानातल्याने विचारलं, मावशी, कोण या? म्हटलं, माझी बहीण, हिचं प्रकरण चालू आहे.

येत्या गुरुवारच्या बोटीने येते. पातेलं घासलंय, दोन दिवस लागले. त्यातच कपडे भरलेत, म्हणजे तुझ्या अर्ध्या भागात माझे कपडे असतील, भांडायचं तर धक्क्यावर भांड.

तीन आठवडे राहीन. जास्त नाही. त्या बोकडाला मला भेटायचंय.

ओसांग


कुयो,
१४ मे, सकाळ

प्रिय इंदाय,

हे पत्र तुला मिळणार नाही. ज्या बोटीतून तू येते आहेस तीच हे परत घेऊन जाईल, कुक ते तुझ्या घराच्या दाराखाली सरकवेल आणि तू तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात असशील. तरी लिहितेय. तू उतरल्या उतरल्या म्हणशील, "मनांग, किती वाळलीस!" मी म्हणेन, "तू केवढी सुटलीस!" मग लोक सामान उचलतील, मानोंग तेरोय पातेलं खांद्यावर घेतील, तू त्यांच्या टोपीकडे बघून मला कोपर मारशील, आणि उरलेलं बोलायचं राहूनच जाईल. आपलं नेहमी तसंच होतं.

दिंदोचा निरोप आला. बंदरात लागल्यावर त्याला कळलं आपण काय गोंधळ घातला. फार माफी मागत होता. म्हणाला, आंटी, पाच मिनिटांचं काम आहे, दोघींचं वेगळं करून देतो. मी म्हटलं, राहू दे. तू मागितलंस तर तो करून देईलही, पण मी मागणार नाही. हे मी तुला तोंडावर सांगणार नाही. तू म्हणशील, मनांगला माझ्या जिभेची सवय झाली.

राहिलेलं हे आहे. तुझं शटर खाली ओढलेलं पाहिलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण नंतर. आधी आनंद झाला. फादरच्या अंगणात बसून मी तो फोटो मोठा करून करून बघत होते आणि मनात एकच होतं, आता हिला यायला काही अडचण नाही. तुझे गुडघे दुखताहेत, तुझा चाळीस वर्षांचा संसार त्या बाजारात मोडलाय, आणि मी इथे आनंदात. मोठ्या बहिणीला शोभत नाही. पण दर वर्षी तू लिहायचीस, पुढच्या उन्हाळ्यात नक्की, आणि दर वर्षी मी लिहायचे, सवडीने ये, घाई नाही. घाई होती, ओसांग.

तीन आठवडे म्हणालीस. ठीक आहे. मागच्या खोलीला मी पडदे शिवलेत, पिवळे, बारीक फुलांचे. तीन आठवड्यांसाठी कोणी पडदे शिवत नाही, हे तुला आत शिरल्याशिरल्या कळेल. तेव्हा विचारू नकोस, आणि मीही काही बोलणार नाही.

भोंगा वाजला. बोट वळणावर दिसतेय. एक पडदा लावायचा राहिलाय. तो तू लाव, तू उंच आहेस.

तुझी
मनांग